विमाननिर्मितीतील सुरक्षा : धोका ठाऊक कोणाला होता?

(विमाननिर्मिती आणि सुरक्षा व्यवस्थापन या विषयावरील व्याख्यानाचा संपादित पाठ)

विमानाला अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी सर्वत्र दोनच प्रश्न विचारले जातात. चूक वैमानिकाची होती की यंत्र बिघडले होते? पहिल्याचे उत्तर मिळाले की वैमानिक दोषी ठरतो, दुसऱ्याचे मिळाले की एखादा सुटा भाग दोषी ठरतो आणि चर्चा थांबते. तिसरा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ज्या कारखान्यात त्या विमानाचा आराखडा झाला, जेथे ते जोडले गेले, तेथे या धोक्याची कल्पना कोणाला होती काय? आणि असल्यास, ती पुढे कोणापर्यंत पोहोचली?

विमानांचे आराखडे करणाऱ्या आणि विमाने बांधणाऱ्या कंपन्यांवर 'सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली' नावाची व्यवस्था गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आली आहे. नाव रूक्ष आहे. कार्यालयीन फायलीवर शोभावे असे आहे. परंतु तिचा सारा आशय या तिसऱ्या प्रश्नात सामावलेला आहे.

जून २०२५ मधील अहमदाबादची दुर्घटना प्रत्येकाच्या मनात असणे स्वाभाविक आहे. तिची चर्चा येथे हेतुतः बाजूस ठेवली आहे. चौकशी यंत्रणेचे काम व्यासपीठावरून करण्याची घाई हाच मुळी सुरक्षेच्या विचाराला मारक असा प्रकार आहे. ज्यांच्या चौकशा पूर्ण होऊन निष्कर्ष जगापुढे आले आहेत, अशीच उदाहरणे पाहणे इष्ट.

न जाणण्यापासून न कळविण्यापर्यंत

जगातील पहिले प्रवासी जेट विमान म्हणजे ब्रिटनच्या डी हॅव्हिलंड कंपनीचे 'कॉमेट'. त्याची प्रवासी सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळले आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. दोष वादळाला दिला गेला. जानेवारी १९५४ मध्ये इटलीजवळ एल्बा बेटानजीक दुसरे कॉमेट समुद्रात पडले. कारण सापडले नव्हते. तरी काही सुधारणा करून मार्चमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच, ८ एप्रिलला, नेपल्सजवळ तिसरे विमान गेले. मग मात्र एक संपूर्ण विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या सांगाड्यावर पुनःपुन्हा दाब देण्यात आला. दाबाच्या चढउतारांनी धातू थकतो आणि झरोक्यांच्या कोपऱ्यांशी चीर जाते, हे तेव्हा उघड झाले.

कॉमेटच्या रचनाकारांना धातूच्या थकव्याविषयी पुरेसे ज्ञान नव्हते. विद्याच तेथवर पोहोचलेली नव्हती. कारण सापडण्यापूर्वी उड्डाणे सुरू करण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येईल; पण ज्या दोषाने विमान पडले, तो कोणी दडवून ठेवलेला नव्हता. पुढील वीस वर्षांत विद्या वाढली, संगणक आले, परीक्षणाच्या पद्धती सुधारल्या. तरीही अपघात झाले, आणि आता त्यांची जात बदलली होती.

अमेरिकेच्या मॅकडॉनेल डग्लस कंपनीचे डीसी-१० हे तीन इंजिनांचे रुंद विमान. त्याच्या तळाकडील सामानाच्या कप्प्याचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे होते. आतून बाहेर उघडणाऱ्या दाराला विमानातील हवेचा दाबच ढकलत असतो. म्हणून त्याचे अडसर निर्दोष बसणे अत्यावश्यक. या दाराच्या रचनेत अडसर पूर्ण न बसताही बाहेरचा दांडा जोर लावून मिटविता येत असे, आणि दार लागल्याचा आभास निर्माण होत असे. दार उडाले तर काय होईल? खालच्या कप्प्यातील हवा क्षणात निघून जाणार, वरच्या प्रवासी कक्षातील दाबाने मधली जमीन खचणार आणि त्या जमिनीतून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा जखडणार किंवा तुटणार. हे केवळ तर्काने सांगण्याची गरज नव्हती. १९७० मध्ये जमिनीवरील दाबचाचणीत दार उडून जमीन खचल्याचे कंपनीने पाहिलेले होते.

१२ जून १९७२ रोजी हेच आकाशात घडले. अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चे दार कॅनडातील विंडसर शहरावर उडाले. विमानात ६७ जण होते. नियंत्रण अर्धेअधिक गेले असता कप्तानाने इंजिनांच्या जोराचा कमीअधिक वापर करून विमान उतरविले आणि सर्वजण वाचले. त्याने असा सराव पूर्वी नकली कक्षात करून ठेवला होता, हे विशेष.

आता खरी गोष्ट सुरू होते. या विमानाचा सांगाडा आणि दार मुख्य कंपनीने स्वतः केलेले नव्हते; ते कॉन्व्हेअर नावाच्या उपकंत्राटदार कंपनीकडे होते. तेथील अभियांत्रिकी विभागाचा एक प्रमुख होता डॅन ॲपलगेट. विंडसरच्या घटनेनंतर पंधरा दिवसांनी, २७ जून १९७२ रोजी, त्याने आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले. डीसी-१० च्या पुढील वीस वर्षांच्या आयुष्यात ही दारे केव्हा ना केव्हा उघडणारच आणि त्यात विमान गमावले जाईल, असा त्याचा स्पष्ट इशारा होता. जमिनीच्या रचनेतच बदल करावा, असे त्याने सुचविले.

वरिष्ठांनी ते टिपण वाचले. त्यातील तांत्रिक मुद्दे त्यांना अमान्य नव्हते. अडचण निराळीच होती. हा विषय आपण काढला, तर बदलाचा खर्च आपल्या अंगावर घेतल्यासारखे होईल, अशी शंका त्यांनी कागदावर व्यक्त केली. टिपण मुख्य कंपनीकडे गेलेच नाही. तिकडे शासकीय नियामकानेही सक्तीचा आदेश काढण्याऐवजी कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दुरुस्ती केवळ सूचनेच्या स्वरूपात राहिली.

३ मार्च १९७४. तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसहून लंडनला निघाले आणि काही मिनिटांतच एर्मेनोनव्हिलच्या अरण्यात कोसळले. दार उडाले होते, जमीन खचली होती, तारा तुटल्या होत्या. टिपणात वर्णिले होते त्याच क्रमाने सारे घडले. ३४६ जण ठार झाले. त्या विमानाच्या कारखान्यातील नोंदींवर दाराची सुधारणा झाल्याचे शिक्के होते. प्रत्यक्षात आधाराची पट्टी बसविलेलीच नव्हती. आणखी एक बारीकशी बाब चौकशीत पुढे आली. पॅरिसला ते दार मिटविणारा कर्मचारी तीन भाषा जाणत होता. पण दारावरील सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषांत होत्या, आणि या दोन्ही त्याला वाचता येत नव्हत्या.

कॉमेटच्या वेळी ज्ञान नव्हते. डीसी-१० च्या वेळी ज्ञान होते, लेखी होते, तारखेसह होते. ते एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले नाही, एवढेच.

तुकड्यातुकड्यांत विभागलेले सत्य

जगाला एक दिवस ३४६ हाच आकडा पुन्हा पाहावा लागला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे बोईंग ७३७ मॅक्स समुद्रात पडून १८९ जण गेले. त्या विमानाचा कप्तान दिल्लीचा तरुण भारतीय होता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात त्याच बनावटीचे विमान पडून १५७ जण गेले.

दोन्हीकडे कारणांच्या मुळाशी 'एमकॅस' नावाची एक संगणकीय व्यवस्था होती. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर जाऊ लागले तर शेपटीचा आडवा पंख हलवून ते खाली आणणे, हे तिचे काम. मूळ आराखड्यात ती केवळ जास्त वेगाच्या विशिष्ट परिस्थितीत चालायची होती आणि एका वेळी पंख सुमारे ०.६ अंशच हलविणार होती. चाचण्यांनंतर २०१६ मध्ये ती कमी वेगालाही लागू करण्यात आली आणि मर्यादा २.५ अंशांपर्यंत वाढली. म्हणजे चौपटीहून अधिक. पण हा बदल सुरक्षेचे मूल्यमापन करणाऱ्या सर्वांपर्यंत नीट पोहोचला नाही. व्यवस्था वाऱ्याचा कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकाच्या शब्दावर चालत होती. तो बिघडला तर वैमानिक काही क्षणांत ओळखून उपाय करील, असे गृहीत धरलेले होते; आणि त्याच वैमानिकाच्या पुस्तिकेत त्या व्यवस्थेचा उल्लेखही केलेला नव्हता.

येथे ॲपलगेटसारखा एकच मनुष्य सारे जाणत होता असे नाही. आराखड्याचा एक भाग एकाला ठाऊक, चाचणीचा दुसऱ्याला, प्रशिक्षणाच्या खर्चाचा तिसऱ्याला. प्रत्येकाच्या मेजावर सत्याचा एक तुकडा होता. सर्व तुकडे एकत्र मांडून 'आता धोका किती?' असे विचारणारी जागा मात्र कंपनीत नव्हती, किंवा असली तरी तिला वजन नव्हते. कारखान्याच्या बाजूनेही इशारा आला होता. सिएटलजवळील रेंटन येथील एका वरिष्ठ व्यवस्थापकाने जून २०१८ मध्ये, म्हणजे पहिल्या अपघातापूर्वी चार महिने, कामगार थकले आहेत, वेळापत्रकाच्या दडपणाने चुका वाढत आहेत, उत्पादन काही काळ थांबवावे, असे आपल्या वरिष्ठांना लिहिले होते. उत्पादन थांबले नाही.

प्रणाली म्हणजे नेमके काय

या पार्श्वभूमीवर सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीकडे पाहावे.

विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळते तेव्हा यंत्राची परीक्षा होते. ज्या बिघाडाने विमानच नष्ट होईल, त्याची शक्यता एक अब्ज उड्डाण-तासांत एकाहून कमी असावी, अशी कसोटी मोठ्या प्रवासी विमानांना लावली जाते. ही यंत्राची परीक्षा झाली. प्रणालीमध्ये परीक्षा होते ती संस्थेची. ज्या संस्थेने ते यंत्र केले, तिला धोका दिसतो काय, दिसला तर तो योग्य माणसापर्यंत जातो काय, आणि गेल्यावर त्याचे काही होते काय?

आपल्याकडे यात एक गल्लत हमखास होते. कारखान्यात मार्च महिन्यात सुरक्षा सप्ताह साजरा होतो, फलक लागतात, शिरस्त्राणे वाटली जातात, शपथ घेतली जाते. ते आवश्यकच आहे. पण ती कामगाराच्या अंगाची सुरक्षा होय. येथे विचार आहे तो कामगाराच्या हातून तयार होणाऱ्या वस्तूत पुढे कोण बसणार आहे, याचा. दुसरी गल्लत गुणवत्तेशी होते. नकाशाप्रमाणे भाग झाला की नाही, हे गुणवत्ता विभाग पाहतो. नकाशातच धोका असेल तर? डीसी-१० चे दार नकाशाप्रमाणे केले असते तरी पुरेसे सुरक्षित नव्हते. गुणवत्ता आणि सुरक्षा या सख्ख्या बहिणी खऱ्या, पण एकीला विचारून दुसरीचे उत्तर मिळत नाही.

प्रणालीचे चार भाग मानले जातात. पहिला धोरणाचा. त्यात सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की संस्थेतील एका व्यक्तीवर अंतिम उत्तरदायित्व नावानिशी सोपविलेले असावे आणि तिच्या हाती पैसा व माणसे यांचा अधिकार असावा. ज्याला उत्पादन थांबविण्याचा किंवा पैसा खर्च करण्याचा अधिकार नाही, अशा सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक म्हणजे देवळाबाहेर बसविलेला दगडी द्वारपाल. शोभा येते, आत कोण गेले ते कळत नाही.

दुसरा भाग धोक्याच्या व्यवस्थापनाचा. आराखडा बदलला, पुरवठादार बदलला, कारखाना एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, अनुभवी कामगार निवृत्त होऊन नवे आले, अशा प्रत्येक बदलाच्या वेळी थांबून विचारायचे की, यातून काय बिघडू शकते, त्याची शक्यता किती, परिणाम किती भीषण? 'एमकॅस'ची मर्यादा वाढविताना हा प्रश्न सर्वांना एकत्र बसवून विचारला गेला असता तर निर्णय वेगळा झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

तिसरा भाग खातरजमेचा. योजलेले उपाय खरोखरच चालत आहेत काय, हे आकड्यांनी आणि प्रत्यक्ष पाहणीने तपासणे. विमान विकले की निर्मात्याचे काम संपत नाही; जगभर ते कसे उडते, कोठे चीर दिसली, कोणता भाग अकाली झिजला, याची वार्ता त्याच्याकडे परत आली पाहिजे.

चौथा भाग प्रशिक्षणाचा आणि संवादाचा. तो सर्वांत स्वस्त दिसतो आणि सर्वांत अवघड असतो. कारण येथे माणसाच्या मनातील भीतीशी गाठ पडते. चूक कळविणाऱ्याला शिक्षा झाली, तर दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात चुका होणे थांबत नाही, त्या कळणे थांबते. म्हणून अनवधानाने झालेली चूक आणि बेफिकिरीने केलेला नियमभंग यांत भेद करावा लागतो. पहिलीसाठी कळविणाऱ्याला अभय, दुसऱ्यासाठी जबाब. हा भेद आधी लिहून, सर्वांना सांगून ठेवलेला असावा लागतो. प्रसंग आल्यावर वरिष्ठांच्या मर्जीवर सोडता येत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. अशी व्यवस्था सुरू झाली की पहिल्या वर्षी धोक्यांच्या नोंदी झपाट्याने वाढतात. अनभिज्ञ संचालक मंडळ घाबरते. वस्तुतः वाढ ही विश्वास बसू लागल्याची खूण असते. शून्य नोंदी असलेला विमान कारखाना आदर्श नव्हे. तेथे कोणी बोलत नाही, असा त्याचा अर्थ.

कागदावरची आणि कारखान्यातली

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनासाठी आपल्या कराराचे स्वतंत्र एकोणिसावे परिशिष्ट २०१३ मध्ये लागू केले. विमान कंपन्या आणि विमानतळ यांच्याबरोबर विमानाचे आराखडे व निर्मिती करणाऱ्या संस्थांनाही त्यात घेतले. युरोपात रचनाकार व निर्मात्यांसाठीचे नियम मार्च २०२३ पासून अमलात आले आणि त्यांना दोन वर्षांचा संक्रमणकाळ मिळाला. अमेरिकेत मॅक्सच्या अपघातांनंतर डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, प्रत्यक्ष नियम निघाला एप्रिल २०२४ मध्ये, आणि पूर्ण अंमलबजावणीला आणखी तीन वर्षे देण्यात आली. ज्या देशात डीसी-१० तयार झाले, तेथे निर्मात्यांवर हे बंधन येण्यास विंडसरपासून बावन्न वर्षे लागली.

बोईंगने मात्र नियमाची वाट न पाहता २०२० मध्येच स्वेच्छेने अशी प्रणाली स्वीकारली होती. त्याचे काय झाले, हे पाहणे बोधप्रद आहे.

५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सचे नवेकोरे ७३७ मॅक्स-९ पोर्टलँडहून उडाले. सुमारे पंधरा हजार फूट उंचीवर त्याच्या बाजूच्या भिंतीचा एक मोठा तुकडा उडून गेला. वापरात नसलेल्या दाराच्या जागी बसविलेले ते बंद फळके होते. त्याला 'डोअर प्लग' म्हणतात. शेजारच्या आसनावर सुदैवाने कोणी नव्हते आणि कोणी दगावले नाही. ते फळके जागेवर धरणारे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये रेंटनच्या कारखान्यात जवळचे रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी ते उघडले गेले, पुन्हा लावले गेले. पण उघडल्याची नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून बोल्ट नसल्याचे कोणाला कळले नाही. त्या तुकडीत डोअर प्लग उघडण्याचा पूर्वानुभव असलेला एकच कामगार होता आणि तो त्या दिवसांत रजेवर होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०२५ मध्ये निष्कर्ष दिला. त्याने कोणा एका कामगाराकडे बोट दाखविले नाही. कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख देण्यात कंपनी कमी पडली, आणि नियामकाची देखरेखही परिणामकारक नव्हती, असे त्याने म्हटले. स्वेच्छेने स्वीकारलेली ती प्रणाली धोके आधीच हेरण्यास अपुरी होती, हेही नमूद केले. तत्पूर्वी फेब्रुवारी २०२४ मध्ये एका तज्ज्ञ गटाने बोईंगच्या सुरक्षा-संस्कृतीची पाहणी करून २७ निष्कर्ष आणि ५३ शिफारशी मांडल्या होत्या. वरिष्ठ व्यवस्थापन सुरक्षेविषयी जे बोलते आणि खालचे लोक जे अनुभवतात, यांत अंतर आहे, असे त्यांना आढळले. नव्या कार्यपद्धती कर्मचाऱ्यांना गोंधळात टाकणाऱ्या वाटत होत्या. ही प्रणाली टिकेल काय, याचीच अनेकांना शंका होती. आणि बोललो तर सूड उगवला जाईल, ही धास्ती होतीच.

म्हणजे प्रणालीची पुस्तिका छापली की प्रणाली आली, असे होत नाही. शतकाहून अधिक परंपरा असलेल्या, साधनांची कमतरता नसलेल्या कंपनीचा हा अनुभव आहे.

आपल्या दारात आलेला विषय

या विषयाचा इकडे काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस राहिलेले नाहीत. विमाननिर्मितीची भारतातील मुहूर्तमेढ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला रोवली; तीच आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स. नाशिकजवळ ओझरला मिग विमाने झाली, सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तेथूनच उड्डाण केले. वडोदऱ्यात सी-२९५ वाहतूक विमानांची जुळणी करणारा खासगी कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. नाशिक, पुणे, बेळगाव या पट्ट्यात विमानांचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. येथे उपस्थित असलेल्या कित्येक कुटुंबांतील मुले-मुली उद्या अशा ठिकाणी कामाला लागतील.

स्वदेशी विमानाचा अभिमान सर्वांनाच आहे आणि तो असावाही. पण अभिमानाच्या भरात दोषाची वार्ता सांगणाऱ्याला नाउमेद करण्याची वृत्ती असेल, तर ती विमानाशी वैर करणारी आहे. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे 'सारस' हे छोटे प्रवासी विमान ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ बिडदी येथे चाचणी-उड्डाणात कोसळले आणि हवाई दलाचे तीन निष्णात अधिकारी गमावले. उड्डाणात इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची जी कार्यपद्धती रचनाकारांनी आखली होती, ती सदोष होती, असे चौकशीत ठरले. ती ठरविताना पंखा बनविणाऱ्या कंपनीचा सल्ला घेतला गेला नव्हता, हेही पुढे आले. सारसच्या अभियंत्यांच्या निष्ठेविषयी वा बुद्धीविषयी कोणी शंका घेणार नाही. एका संस्थेतील माहिती दुसऱ्या संस्थेकडे मागितली गेली नाही, हा तेथील दोष. कॉन्व्हेअरच्या कपाटातील टिपणाचे ते दुसरे रूप म्हणावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथे तटरक्षक दलाच्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरला अपघात होऊन तिघे दगावले, तेव्हा ध्रुवच्या ताफ्याची उड्डाणे थांबविण्यात आली. त्याने गैरसोय झाली, टीका झाली. कारण सापडेपर्यंत थांबणे मात्र योग्यच होते. १९५४ च्या मार्चमध्ये हे कोणी केले असते तर नेपल्सचे विमान वाचले असते.

आपल्या समाजाच्या काही चांगल्या सवयीच येथे आड येतात, हे मोकळेपणाने मानले पाहिजे. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये, साहेबांच्या निर्णयावर शंका घेऊ नये, घरातले घरात ठेवावे. कुटुंबात या सवयींनी गोडवा राहतो. आराखड्याच्या बैठकीत त्यांचे रूपांतर मौनात होते. नुकताच रुजू झालेला पंचविशीतला अभियंता 'साहेब, हा हिशेब मला बरोबर वाटत नाही' असे म्हणू शकतो काय? आणि तो म्हणाला, तर तीस वर्षे काम केलेले साहेब 'बैस, दाखव पाहू' असे म्हणतात की 'तुम्हाला किती वर्षे झाली?' असे विचारतात? त्या मुलाने पुन्हा कधी तोंड उघडायचे की नाही, ते तेवढ्यात ठरते.

अमेरिकेच्या २०२४ च्या नियमात एक तरतूद आहे, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ज्याला धोका दिसला, त्याने तो ज्या दुसऱ्या संस्थेच्या हाती दूर करता येण्यासारखा आहे, तिला कळविणे बंधनकारक आहे. ही तरतूद १९७२ मध्ये असती तर ॲपलगेटचे टिपण अडविण्याचा अधिकार कोणाला उरला नसता. पण हा नियम रचना आणि निर्मिती या दोहोंची प्रमाणपत्रे धारण करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लागू आहे. त्यांना ब्रॅकेट, बुश, पत्र्याचे भाग पुरविणारा वीस माणसांचा कारखाना त्याच्या कक्षेबाहेर राहतो. अशा कारखान्यावर चारशे पानांची पुस्तिका लादून काही साधणार नाही. त्याला लागतात दोन-तीनच गोष्टी. भाग नकाशाबाहेर गेला आणि पाठविला गेला असे ध्यानात आल्यास मुख्य कंपनीत कोणाला कळवायचे, त्या व्यक्तीचे नाव. स्वतःहून कळविल्यास पुढील काम काढून घेतले जाणार नाही, अशी खरेदी-आदेशातच लिहिलेली अट. आणि लेथवर उभा राहणारा ओझरचा वा चिंचवडचा कामगार ज्या भाषेत विचार करतो, त्या मराठीत छापलेला एका पानाचा नोंदीचा फॉर्म, ज्याचे उत्तर ठरलेल्या मुदतीत, त्याच मराठीत, त्याच्या हाती परत येईल.